काचेपलीकडच्या बाई

अण्णांचे वर्षश्राद्ध होऊन दोन महिने झाले, तरी मला रात्री झोप लागेना. तेव्हा आमच्या सौभाग्यवतीने जाहीर केले, "आता तुम्ही कुणाशी तरी बोलाच." मी म्हणालो, "बोलतो की! रोज चार तास बोलतो, त्याचाच तर पगार मिळतो." या विनोदावर ती हसली नाही. प्रकरण गंभीर आहे हे मी तिथेच ओळखले.

दुसऱ्या दिवशी तिने माझ्याच मोबाइलवर समुपदेशनाची वेळ ठरवून टाकली. बाई कोल्हापुरात, मी डोंबिवलीत. दर गुरुवारी संध्याकाळी सात वाजता, पन्नास मिनिटे. आधी एक फॉर्म भरायचा होता. नाव, वय, तातडीच्या वेळी कुणाला कळवावे, वगैरे. 'तक्रारीचे स्वरूप' या रकान्यात मी 'विशेष काही नाही' असे लिहिले. मराठीच्या प्राध्यापकाला चार ओळी सुचू नयेत!

खरी अडचण निघाली ती जागेची. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात माणसाने मन मोकळे करावे कुठे? "खोलीत आणखी कुणी आहे का?" हा बाईंचा पहिलाच प्रश्न. मी "नाही" म्हणालो, आणि त्याच क्षणी आई चष्मा शोधत आत आली. पुढच्या गुरुवारी मी शेजाऱ्यांकडून गाडीची किल्ली मागून घेतली आणि आवारात उभ्या असलेल्या त्या गाडीत जाऊन बसलो. वॉचमन दोनदा काचेशी येऊन डोकावून गेला. प्राध्यापकसाहेबांना घरातून काढले, अशी त्याची समजूत झाली असावी.

आपल्याकडे दुःखाची व्यवस्था फार जुनी. सुतकाचे दहा दिवस, तेरावा, समाचाराला येणारी माणसे आणि शेवटी वर्षश्राद्ध. मौज अशी की, अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ साली आपल्या ग्रंथात लांबलेल्या शोकाचा विकार म्हणून समावेश केला, तेव्हा मोठ्या माणसांसाठी मुदत किमान एक वर्षाचीच ठेवली. (जागतिक आरोग्य संघटना सहा महिन्यांवरच थांबते.) अर्थात नुसती मुदत उलटली म्हणून कुणी आजारी ठरत नाही, शोक रोजच्या जगण्याच्या आड येतो का, हे पाहावे लागते, असे बाईंनी सांगितले. माझ्या तो झोपेच्या आड येत होता, आणि त्याचे कारण मला ठाऊक होते.

त्या रात्री मी प्रथम वर्षाच्या उत्तरपत्रिका तपासत होतो. अण्णा बाहेरच्या खोलीत पडले होते. साडेनऊच्या सुमारास त्यांनी हाक मारली, "जरा येऊन बस रे." मी म्हणालो, "एवढा गठ्ठा संपवून आलोच." गठ्ठा संपला तेव्हा सव्वाअकरा वाजले होते. मी बाहेर आलो, तर सारे आटोपले होते.

समाचाराला शंभर माणसे येऊन गेली असतील. हे मी एकालाही सांगितले नाही. आईला सांगावे, तर तिने आपले दुःख बाजूला ठेवून माझेच सांत्वन केले असते. धाकट्या भावाकडे एकदा विषय काढला. "तुझा काय दोष?" म्हणून त्याने माझे वाक्यही पुरे होऊ दिले नाही. बाईंनी अण्णांना पाहिलेले नव्हते. त्यांचे त्यात काही अडकलेले नव्हते. त्यांनी सगळे ऐकून घेतले. दोष आहे म्हणाल्या नाहीत, नाही असेही म्हणाल्या नाहीत. थोड्या वेळाने विचारले, "शेवटची उत्तरपत्रिका आठवते?"

आठवत होती. तिच्यावर घातलेला आकडाही पाठ होता. एकतीस. तो उच्चारला आणि मी शेजाऱ्यांच्या गाडीत ओक्साबोक्शी रडलो. वॉचमनने काचेवर टकटक करून पाण्याची बाटली आत दिली.

असे आठ गुरुवार झाले. झोप बरीचशी परत आली आहे. वाचकांपैकी कुणी या वाटेने जाणार असेल, तर एक सांगून ठेवतो. 'समुपदेशक' अशी पाटी कुणीही लावू शकतो, तेव्हा शिक्षण विचारायला भिडू नये. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, आणि औषधे द्यायची ती मनोविकारतज्ज्ञ डॉक्टरांनीच. फी झेपत नसेल तर सरकारची 'टेलि-मानस' सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून आहे. १४४१६ हा क्रमांक, फुकट, रात्रंदिवस, आणि मराठीतही. जिवाचे बरेवाईट करावेसे वाटत असेल त्याने मात्र गुरुवारची वाट पाहू नये. त्याच घटकेला हा फोन करावा आणि घरातल्या माणसाला हाक मारावी.

परवा आई भाजी निवडता निवडता म्हणाली, "ती तुझी बाई मराठीतच बोलते ना रे?"

"हो. का गं?"

"मलाही एकदा जोडून दे. पण गाडीत नाही बसायची मी."

गुरुवारी तिला आतल्या खोलीत खुर्ची मांडून दिली, मोबाइल डब्याला टेकवून उभा केला. तिने पदर सारखा केला आणि मला हातानेच 'जा' म्हणून खुणावले. दार लोटून मी बाहेर आलो. अण्णांबद्दल तिच्याही मनात एखादा गठ्ठा राहिला होता की काय, कोण जाणे. आतून तिचा आवाज येऊ लागला, तसा मी टीव्ही मोठा केला.