सिनेमा संपतो तिथून पुढे

जॉनी कॅश माहितीये? नसेल, तर ‘हर्ट’ या गाण्याचा २००३ चा व्हिडिओ बघा. समोर पदार्थांनी भरलेलं टेबल आणि सत्तरीतला एक थकलेला माणूस गातोय. मग वाचा.

कंट्री म्युझिक म्हणजे अमेरिकेतल्या शेताखेड्यांचं गाणं. कॅश अस्सल शेतातलाच. जन्म १९३२, आर्कान्सॉ. घरी कापूस. (आम्हा खानदेशी लोकांना इथेच तो आपला वाटायला लागतो!) बारा वर्षांचा असताना थोरला भाऊ जॅक करवतीच्या अपघातात गेला. जॅकला धर्मोपदेशक व्हायचं होतं. तो सल जॉनीला जन्मभर पुरला.

पुढे हा दारोदार घरगुती उपकरणं विकायचा. मेम्फिसच्या सन रेकॉर्ड्सकडे गेला तो भक्तिगीतं घेऊन. ती खपत नाहीत, असं उत्तर मिळालं. मग दुसरी गाणी दिली. १९५५ मध्ये पहिली रेकॉर्ड आली आणि १९५६ मध्ये ‘आय वॉक द लाइन’ कंट्रीच्या यादीत थेट नंबर वन!

मग दौरे. रात्रभर गाडी, सकाळी दुसरं गाव. जागं राहायला एक गोळी, झोपायला दुसरी. (डेडलाइनवाल्यांनो, ओळखीचं वाटतंय ना?) १९६५ मध्ये एल पासोला त्याच्या गिटारच्या केसमध्ये हजारावर गोळ्या सापडल्या. त्याच वर्षी एका मानाच्या कार्यक्रमात त्याने माइकच्या स्टँडने स्टेजवरचे दिवे फोडले. पहिला संसार मोडला. १९६७ मध्ये आपण मरायला म्हणून टेनेसीच्या एका गुहेत शिरलो आणि तिथे देव भेटला, असं त्याने आत्मचरित्रात लिहिलंय. गुहेच्या तपशिलांवरून चरित्रकार वाद घालतात. घालू देत. नंतर गायिका जून कार्टर आणि तिचे आईवडील त्याच्या घरी येऊनच राहिले, गोळ्या सुटेपर्यंत. १९६८ मध्ये फॉल्सम तुरुंगात कैद्यांसमोर गायला, तो अल्बम तुफान गाजला, जूनशी लग्न झालं.

‘वॉक द लाइन’ हा २००५ चा सिनेमा साधारण इथेच संपतो. टाळ्या!

मला इंटरेस्ट आहे तो त्याच्या पुढच्या भागात. कॅशने येशूच्या आयुष्यावर सिनेमा काढला (१९७३), बिली ग्रॅहम यांच्या ख्रिस्ती सभांमध्ये गायला. आणि तरीही पुन्हा गोळ्यांत अडकला. १९८३ मध्ये बेटी फोर्ड सेंटरमध्ये दाखल व्हावं लागलं. १९८६ मध्ये जुन्या रेकॉर्ड कंपनीनेही दार दाखवलं. मग त्याची श्रद्धा खोटी होती का? मला नाही तसं वाटत. दर वेळी घसरल्यावर तो परतला तो तिथेच. एका झटक्यात सुटलेल्या माणसापेक्षा हा माणूस मला जास्त खरा वाटतो.

मी नंदुरबारचा. मोहाची दारू घरं कशी खाते, हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. आणि गाण्याने ती सोडवता येते, हेही नाही. १९३७-३८ च्या सुमारास तळोद्याजवळच्या मोरवडला गुलाम महाराजांनी आरती सुरू केली. दर सोमवारी हजारो भिल्ल जमायचे, एकमेकांना ‘आप’ म्हणायचे, आरती गायचे, दारू सोडायचे. १९३८ मध्ये महाराज गेले, पण भाऊ रामदास महाराजांनी आरती चालू ठेवली. नवापूरकडे हेच काम रविवारचं चर्च करतं. देव वेगळे, वार वेगळे. पण दर आठवड्याला यायचं आणि घोळक्यात यायचं, हे सारखंच.

आपल्या ऑफिसातही असा एकजण असतो. ‘सोडली रे’ म्हणून पार्टी देतो, आणि तीन महिन्यांनी पुन्हा तोच वास. मग आपण त्याला लंचला बोलावणं बंद करतो, पाठीमागे जोक करतो. खरं तर कार्टर मंडळींची गरज त्याला तेव्हाच असते.

कॅशला पुढे रिक रूबिन नावाचा प्रोड्यूसर भेटला. एक गिटार, एक आवाज, १९९४ मध्ये झाला अल्बम. तरुण पोरं पुन्हा त्याला ऐकायला लागली. मे २००३ मध्ये जून गेली, सप्टेंबरमध्ये तो. मधल्या चार महिन्यांतही तो रेकॉर्डिंग करतच होता.

तेव्हा त्या दोस्ताला सोमवारी चहाला घेऊन जा. आणि पुढच्या सोमवारीही.