पाठीवरचे आडनाव
खेळाडूच्या पाठीवर नाव छापण्याची प्रथा १९६० साली शिकागोच्या व्हाइट सॉक्स या बेसबॉल संघाने पाडली. दूरच्या प्रेक्षकाला खेळाडू ओळखता यावा, एवढाच हेतू. क्रिकेटच्या विश्वचषकात ती १९९२ साली आली, कसोटीत २०१९ साली. आज जळगाव-धुळ्याचे गावोगावचे संघही तशा जर्सी शिवून घेतात. छापले जाते मात्र आडनाव. आणि या मुलखात आडनाव माणसाआधी जात सांगते. ‘पाटील’ निदान अनेक जातींत आढळतो. यावल-रावेरच्या तडवीच्या, शिरपूर-चोपड्याच्या पावराच्या पाठीवर तर थेट जमातच उमटते. चढाईला निघालेल्या पोराचे पाय पाहण्याआधी प्रेक्षक त्याचा समाज वाचतो. त्या आडनावाचा अभिमान बाळगण्याचा त्याला पूर्ण हक्क आहे. पण निवड त्याची असावी, छपाईवाल्याची नव्हे. तमिळनाडूचा अश्विन स्वतःच्या नावानेच खेळला. २०१६ साली विशाखापट्टणमला भारतीय संघ एका सामन्यापुरता आईचे नाव पाठीवर घेऊन उतरला. कल्पना जाहिरातीची होती, हे खरे. तरी आभाळ काही कोसळले नाही. पुढच्या हंगामाच्या जर्सी शिवायला टाकण्यापूर्वी गावच्या क्रीडा मंडळांनी प्रत्येक खेळाडूला एवढेच विचारावे: पाठीवर कोणते नाव हवे?