‘रेअरली’ आणि आमचे ‘सहसा’

गेल्या पंधरवड्यात ट्रॉम्बेस आमच्या थोरल्या बंधूंकडे चार दिवस राहण्याचा योग आला. एके दिवशी जेवणे आटोपून आम्ही उभयता सुपारी कातरीत बसलो असता त्यांच्या धाकट्या नातवाने आपली इंग्रजी निबंधाची वही आमच्यापुढे आणून टाकली. निबंधाचा विषय ‘आमची खाडी’. त्यातील एका वाक्यावर तांबड्या शाईची रेघ ओढलेली. वाक्य असे होते : ‘फॉर्मर्ली फ्लेमिंगोज वेअर रेअरली नॉट सीन इन अवर क्रीक.’ बाईंनी त्यातील ‘नॉट’ खोडले होते.

चिरंजीवांची तक्रार अशी की, आजोबांनी सांगितले तेच आपण लिहिले. आजोबांचे वाक्य होते, ‘पूर्वी खाडीत रोहित पक्षी सहसा दिसत नसत.’ ‘सहसा’ म्हणजे ‘रेअरली’, ‘नसत’ म्हणजे ‘वेअर नॉट’. “मग धाकटे आजोबा, बाईंनी ‘नाही’ काढून टाकले ते गेले कुठे?”

प्रश्न मार्मिक आहे, आणि तो केवळ मुलांचा नाही. पदवी घेतलेल्या गृहस्थांच्या पत्रांतही आम्हांस हीच चूक आढळते. ‘नाही’ कोठे गेलेले नाही. ते ‘रेअरली’च्या पोटातच आहे. ‘सेल्डम’, ‘हार्डली’, ‘स्केअर्सली’ ही त्याचीच भावंडे. ही सारी मंडळी दिसावयास होकारार्थी, पण वृत्तीने नकारार्थी. त्यांच्या जोडीस आणखी एक ‘नॉट’ बसविला की दोन नकारांचा होकार होतो आणि वाक्य उलटे बोलू लागते. चिरंजीवांच्या वाक्याचा अर्थ झाला, ‘पूर्वी रोहित दिसले नाहीत असे क्वचितच घडे.’ वस्तुस्थिती नेमकी याच्या विरुद्ध. ठाण्याच्या खाडीत हे पक्षी थव्याथव्यांनी येऊ लागले ते १९९० नंतरच्या दशकात. खाडीचा काही भाग त्यांच्याकरिता अभयारण्य म्हणून जाहीर झाला तो २०१५ साली. अर्थात ‘पूर्वी’ऐवजी ‘हल्ली हिवाळ्यात’ असे लिहिले असते, तर ते ‘नॉट’ही ठीक बसले असते!

आमच्या ‘सहसा’ची चाल निराळी आहे. संस्कृतात त्याचा अर्थ ‘एकाएकी’. मराठीत येऊन ते ‘बहुधा’च्या अर्थाचे झाले आणि नकाराशी त्याने बिऱ्हाड केले. ‘तो सहसा रागावत नाही’ हे वाक्य कानाला गोड लागते. ‘तो सहसा रागावतो’ हे अडखळते. म्हणजे इंग्रजी शब्द ‘नाही’ गिळून बसतो, आणि आमचा शब्द ते ‘नाही’ हाताशी धरून चालतो. तर्खडकरांच्या पाठमाला घोटलेल्या आमच्या पिढीसही हा भेद कोणी फोड करून सांगितल्याचे आम्हांस आठवत नाही.

गिळलेल्या नकाराचा दुसरा परिणाम वाक्याच्या रचनेवर होतो. असा शब्द आरंभी आला की इंग्रजीत सहायक क्रियापद कर्त्याच्या पुढे उडी मारते. ‘सेल्डम आय हॅव सीन’ असे लिहू नये. ‘सेल्डम हॅव आय सीन’ असे लिहावे. ‘हार्डली हॅड वी सॅट डाउन’ म्हटल्यावर पुढे ‘व्हेन’ यावयास हवे. ‘दॅन’ हे ‘नो सूनर’चे सोबती. आणि येथे मात्र मराठी इंग्रजीस अगदी जवळ येते. ‘आम्ही पानावर बसतो न बसतो तोच दिवे गेले’ यातील तो मधला ‘न’ पाहावा! ‘हार्डली’च्या पोटातले ‘नाही’ ते हेच. याच ‘हार्डली’स ‘हार्ड’चा भाऊ समजून कित्येक उमेदवार नोकरीच्या अर्जात ‘आय हार्डली वर्क’ असे लिहितात आणि आपण बहुधा कामच करीत नाही अशी लेखी कबुली देऊन मोकळे होतात.

‘फ्यू’ आणि ‘अ फ्यू’ यांतील अंतर शिकविताना शिक्षकांची तारांबळ उडते. त्यांस आम्ही एक घरचा उपाय सुचवितो. ‘थोडे लोक आले होते’ आणि ‘थोडेच लोक आले होते’ ही दोन वाक्ये मुलाकडून मोठ्याने म्हणवून घ्यावी. पहिल्यात लोक आल्याचे समाधान, दुसऱ्यात न आल्याची खंत. पहिले ‘अ फ्यू’, दुसरे ‘फ्यू’. त्याचप्रमाणे ‘तो क्वचित येतो’ म्हणजे अधूनमधून येतो, आणि ‘तो क्वचितच येतो’ म्हणजे न येण्यातच जमा. इंग्रजीत एक ‘अ’ गळाल्याने जे होते, ते मराठीत एक ‘च’ जोडल्याने होते. हा ‘च’ पाठ्यपुस्तके लिहिणाऱ्यांच्या दृष्टीतून कसा निसटला, कोण जाणे.

हे बोलणे चालू असता बंधूंनी मध्येच आपला विषय काढला. त्यांची सारी हयात अणुसंशोधन केंद्रात गेली. ते म्हणाले, “‘रेअर’ शब्दाने फसविले आहे ते आम्हांला. ‘रेअर अर्थ्स’ म्हणतात त्या धातूंपैकी सेरियम पृथ्वीच्या कवचात जवळजवळ तांब्याइतका आहे!” १७९४ साली योहान गाडोलिन या रसायनशास्त्रज्ञास स्वीडनमधील इटरबी गावच्या काळ्या दगडात यांपैकी पहिली ‘अर्थ’ सापडली. त्या काळी अशा भस्मरूप पदार्थांस ‘अर्थ’ म्हणत, आणि दगड विरळा म्हणून ती ‘रेअर’. पुढे हे धातू पुष्कळ ठिकाणी आढळले, परंतु नाव राहिले ते राहिले. १९५० साली निघालेल्या ‘इंडियन रेअर अर्थ्स’ या कंपनीच्या नावातही ते आले आणि १९५५ साली ट्रॉम्बेस सुरू झालेल्या थोरियमच्या कारखान्याशीही त्या कंपनीचा संबंध होता. हे धातू एके ठिकाणी दाट साठलेले थोडेच सापडतात, आणि एकमेकांत असे मिसळलेले असतात की निवडून काढता नाकी नऊ येतात. आमच्या भाषेत याला दोन स्वतंत्र शब्द आहेत : पसरलेले ते विरळ, मिळण्यास कठीण ते दुर्मिळ. इंग्रजीचा ‘रेअर’ दोन्ही कामे एकट्याने करतो. उंबराच्या फुलाची गोष्ट तर तिसरीच. उंबरात फुले असतात आणि शेकड्यांनी असतात. ती फळाच्या आत असल्यामुळे दिसत नाहीत, इतकेच.

‘वन्स इन अ ब्लू मून’ याचे भाषांतर ‘कपिलाषष्ठीचा योग’ असे करतात आणि ते योग्यच आहे. भाद्रपद वद्य षष्ठी, मंगळवार, रोहिणी नक्षत्र आणि व्यतीपात हे सारे एकत्र यावयाचे म्हणजे साठ वर्षे वाट पाहावी लागते अशी समजूत आहे. परंतु एका इंग्रजी महिन्यातील दुसरी पौर्णिमा तो ‘ब्लू मून’ अशी जी आजची व्याख्या (तीही १९४६ साली एका अमेरिकन मासिकातील चुकीने रूढ झालेली), ती घेतली तर हा योग सरासरी बत्तीस-तेहेतीस महिन्यांनी येतो. वाचकांपैकी ज्यांस पंचांग परिचयाचे आहे त्यांच्या ध्यानात हा आकडा तात्काळ येईल, कारण आमचा अधिक मासही तितक्याच अंतराने येतो. कारणही एकच : बारा चांद्रमास सौर वर्षाहून सुमारे अकरा दिवसांनी तोकडे पडतात. ३१ मे २०२६ हा ‘ब्लू मून’ अधिक ज्येष्ठातल्या पौर्णिमेचाच.

इतका वेळ वहिनी दारापाशी निवडण-टिपण करीत ऐकत होत्या. त्या उठल्या आणि औषधाच्या खोक्यातील घडी घातलेला कागद घेऊन आल्या. “भाऊजी, तुम्ही एवढे ‘रेअर’ ‘रेअर’ करता, तर हा एक वाचून सांगा.” बंधूंस हृदयविकाराचा झटका येऊन गेल्यापासून कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी चालू आहे. कागदात ‘रेअर’ या मथळ्याखाली स्नायूंना गंभीर इजा होण्याचा उल्लेख होता. वहिनींनी ती गोळी बारा दिवसांपासून कोणास न सांगता बंद केली होती. बंधूंच्या हातातला अडकित्ता थांबला.

आम्ही त्यांस सांगितले की, या कागदावरील शब्द बोलण्यातले नव्हेत, मापातले आहेत. दहांत एक किंवा त्याहून अधिक ते ‘व्हेरी कॉमन’. शंभरात एक ते दहा ‘कॉमन’. हजारात एक ते दहा ‘अनकॉमन’. दहा हजारांत एक ते दहा ‘रेअर’. आणि त्याहूनही कमी ते ‘व्हेरी रेअर’. वहिनींनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “दहा हजारांत एकाला तरी होतेच ना? मग तो एक हेच नसतील कशावरून?”

याला आमच्या व्याकरणात उत्तर नव्हते. तेव्हा डॉक्टरांस दूरध्वनी केला. त्यांनी प्रथम गोळी त्याच रात्रीपासून सुरू करावयास सांगितली आणि आपणास न विचारता बंद केल्याबद्दल चार शब्द सुनावले. मग म्हणाले की, हा त्रास बहुधा पूर्वसूचना देतो. कारणावाचून अंग फार दुखू लागले, हातापायांतील शक्ती गेल्यासारखे वाटले किंवा लघवीचा रंग गडद झाला, तर वेळ न दवडता मला कळवा.

वहिनींनी ही तीन लक्षणे तेथल्या तेथे भिंतीवरील दिनदर्शिकेच्या कडेस पेन्सिलीने लिहून घेतली, खाली डॉक्टरांचा क्रमांक लिहिला, आणि बंधूंपुढे पाण्याचे भांडे व गोळी आणून ठेवली.