काळीतले घर

मे महिन्यात परभणी, लातूर, यवतमाळ किंवा वर्ध्याच्या बाजूला काळ्या रानातून चालताना पाय जपून टाकावा लागतो. भेगांत हात कोपरापर्यंत सहज जातो. काहींत काठी सोडली तरी तळ लागत नाही. मृगाच्या चार सरी झाल्या की हीच जमीन फुगते, भेगा मिटतात आणि माणूस पायाला शेरभर चिखल घेऊन घरी येतो. शेतकऱ्याला याचे नवल नाही. ही जमीन स्वतःची नांगरट स्वतः करते, असे जुनी माणसे कौतुकानेच सांगतात. अडचण अशी की गेल्या काही दशकांत या जमिनीवर केवळ कापूस, तूर आणि सोयाबीन उभे राहत नाही. तिथे प्लॉट पडले आणि प्लॉटवर घरे उभी राहिली.

जुन्या मराठी मुलखात गावाचे दोन भाग मानले जात, काळी आणि पांढरी. काळी पिकाची, पांढरी वस्तीची. गावठाण बहुधा उंचवट्यावर, पाणी निचरून जाईल अशा जागी असे, आणि घराचा पाया मुरूम लागेपर्यंत खणायचा हे गवंड्याला सांगावे लागत नसे. पांढरीतली जागा संपली, तालुक्याची गावे वाढली, तशी वस्ती रस्त्याच्या कडेने काळीत उतरली. बिगरशेतीचा आदेश निघाला की सातबाऱ्यावर जमिनीचा वापर बदलतो. जमिनीचा स्वभाव मात्र तोच राहतो, आणि त्याची नोंद कोणत्याही उताऱ्यावर नसते.

हा स्वभाव ठरतो तो मातीतल्या एका खनिजामुळे. दख्खनच्या बेसाल्ट खडकाची लाखो वर्षे झीज होऊन ही माती तयार झाली. तिच्यात स्मेक्टाइट गटातली, मुख्यतः मॉन्टमोरिलोनाइट नावाची चिकणमाती भरपूर असते. तिचा कण म्हणजे पत्त्यांचा कॅट समजावा. एकेक पत्ता साधारण एक नॅनोमीटर जाडीचा आणि दोन पत्त्यांमधली पकड सैल. पाणी मिळाले की ते या पत्त्यांच्या मधे शिरते आणि कॅट फुगतो. ऊन तापले की पाणी निघून जाते आणि कॅट मिटतो. अशा एक ग्रॅम चिकणमातीतल्या सगळ्या पत्त्यांचा पृष्ठभाग मोजला तर तो ८०० चौरस मीटरच्या घरात जातो. पाणी धरायला एवढी जागा असल्यावर ती किती पाणी धरेल, याचा अंदाज करावा. (याच गटातली शुद्ध केलेली माती काही देशांत जुलाबावर औषध म्हणून देतात. पुढे जे सांगायचे आहे ते पाहता हा योगायोग गमतीचा आहे.)

फुगणारी माती वरच्या वजनाला रेटते. प्रयोगशाळेत हा रेटा एका चौरस सेंटिमीटरला दोन-तीन किलोपर्यंत, कधी त्याहूनही अधिक भरतो. चार मजली इमारतीचा भार मातीला बऱ्यापैकी दाबून ठेवतो. एकमजली घराला ते जमत नाही. म्हणजे घर जितके हलके आणि बांधणारा जितका बेताचा, तितका या मातीचा त्रास जास्त. दोन खोल्यांच्या घराला कसला आलाय इंजिनियर, हा समज सगळ्यात महाग पडतो तो इथेच.

घराखालची माती सगळीकडे सारखी हलली असती तरी निभावले असते. तसे होत नाही. घराच्या मध्यभागी ऊन-पाऊस पोचत नाही, तिथला ओलावा वर्षभर फारसा बदलत नाही. कडेची माती मात्र उन्हाळ्यात आकसते आणि पावसाळ्यात फुगते. कोपऱ्यात न्हाणीघराचे सांडपाणी मुरत असेल तर तो कोपरा बारमाही वर उचललेला राहतो. भिंतीला लागून कडुनिंब वा पिंपळ वाढला असेल तर ती बाजू झाडाने पाणी शोषल्यामुळे खचते. परिणामी भिंत वाकते, आणि विटांच्या बांधकामाला वाकणे मानवत नाही. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघते. उन्हाळ्यात दार लागत नाही, पावसाळ्यात उघडत नाही. घरमालक सुताराला बोलावतो, सुतार दार रंधून देतो. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. भेगेत सिमेंट भरून रंग दिला जातो. मे महिन्यापर्यंत रंगातून भेग पुन्हा वर येते.

एवढ्यावर हा विषय बांधकामाच्या पुरवणीत जायला हवा होता. आरोग्याच्या सदरात तो येतो, कारण भिंतीची भेग दिसते आणि जमिनीखालची दिसत नाही. जी माती भिंत वाकवते तीच त्या घराची नळजोडणी, मैलापाण्याची नळी, चेंबर आणि शौचालयाची टाकीही हलवते. भिंत आणि नळी एकाच वेळी, सारख्याच प्रमाणात हलत नाहीत. त्यामुळे नळी भिंतीतून बाहेर पडते त्या सांध्यावर ताण येतो. चेंबरचा सांधा सुटतो, टाकीच्या विटकामाला चीर जाते, मैलापाणी मातीत झिरपू लागते. त्याने ती माती आणखी फुगते. शेजारून, दोन-तीन फुटांवरून, पिण्याच्या पाण्याची जोडणी गेलेली असते आणि तिचाही सांधा ढिला असतो. बहुतेक गावांत नळाला पाणी एक दिवसाआड, कुठे चार दिवसांनी, कुठे आठवड्याने येते. पाणी चालू असते तोवर नळीतला दाब बाहेरची घाण आत येऊ देत नाही. पाणी बंद झाले की दाब उतरतो आणि सांध्याभोवती साचलेले पाणी नळीत ओढले जाते. पुढच्या वेळी नळ सोडल्यावर पहिली घागर त्याचीच.

उन्हाळ्याच्या अखेरीस माती सर्वांत जास्त आकसलेली असते, सांधे सुटलेले असतात. जूनमध्ये पाऊस पडतो, मैला वाहू लागतो आणि गावागावांतून गॅस्ट्रोच्या बातम्या येतात. याला केवळ काळी माती जबाबदार नाही; जुन्या वाहिन्या, गटारातून नेलेल्या जोडण्या, क्लोरीन न टाकलेल्या टाक्या ही कारणे आहेतच. पण साथ आली की पथक पाण्याचे नमुने घेते, गळती शोधली जाते, सांधा बदलला जातो आणि प्रकरण मिटते. सांधा का सुटला, हे सहसा कोणी विचारत नाही. तोच सांधा दोन वर्षांनी पुन्हा सुटतो.

या वाटेने येणाऱ्या आजारांत हिपॅटायटिस ई ही कावीळ विशेष वाईट. दूषित पाणी पोटात गेल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत दोन ते दहा आठवडे जातात. तोवर गळती दुरुस्त होऊन सगळे विसरलेलेही असतात. धडधाकट माणूस बहुधा काही आठवड्यांत बरा होतो. गर्भवती स्त्रीला मात्र, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, यकृत निकामी होण्याचा धोका असतो. त्या काळात लागण झालेल्यांपैकी २० ते २५ टक्क्यांपर्यंत स्त्रिया दगावू शकतात. भिंतीतली ओल आणि तिच्यावर धरणारी बुरशी, त्यातून दमेकऱ्यांना होणारा त्रास, जोत्याच्या फटीत घर करणारे विंचू, ही यादी वाढवता येईल. पण मुद्दा कळायला कावीळ पुरेशी आहे.

यावर कोणी म्हणेल, जुन्या लोकांनी पांढरीत घरे बांधली, तेच शहाणपण. ते अर्धेच खरे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जन करून लोक झोपले असताना, किल्लारी परिसरात भूकंप झाला. हजारो माणसे गेली ती प्रामुख्याने मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि माळवदाचे वजनदार छप्पर अंगावर येऊन. ती घरे पिढ्यान्पिढ्या उन्हाळ्यात गार आणि थंडीत उबदार राहिली होती. जमिनीची पारख असणाऱ्यांना भिंतीची पारख असतेच असे नाही. परंपरेचे गोडवे गाऊन हा प्रश्न सुटत नाही, आणि तशी गरजही नाही, कारण काळ्या मातीवरचा उपाय याच देशात शोधला गेला आहे.

रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने १९५० च्या दशकात या मातीसाठी एक खास पाया विकसित केला. जमिनीत खोल, अरुंद भोक पाडायचे, तळाशी विशेष अवजाराने ते नारळासारखे फुगीर करायचे, सळई उभी करून काँक्रीट भरायचे. खुंट्याचा हा फुगवटा वरच्या दांड्याच्या साधारण अडीचपट रुंद असतो. ऋतूंप्रमाणे ओलावा बदलतो तो थर आपल्या देशात साधारण साडेतीन मीटरपर्यंत जातो. फुगवटा त्याच्या खाली, न हलणाऱ्या मातीत रोवला की वरची माती फुगली तरी घर उचलले जात नाही. खुंटे वरून तुळईने जोडायचे आणि तुळईखाली थोडी पोकळी सोडायची, म्हणजे फुगणाऱ्या मातीला जायला जागा राहते. पुढे मुंबईच्या आयआयटीत प्रा. आर. के. कट्टी यांनी आणखी साधा मार्ग दाखवला. काळी माती काढून तिथे सुमारे मीटरभर न फुगणाऱ्या पण चिकट मातीचा, चांगल्या मुरमासारख्या मातीचा, दाबून थर द्यायचा. गवंडी अनेकदा त्याऐवजी वाळू भरतात. वाळूतून पाणी सरळ खाली उतरते आणि काळ्या मातीला पाजले जाते.

तपासणीही काही अवघड नाही. वाळवून चाळलेली दहा दहा ग्रॅम माती काचेच्या दोन उंच मोजपात्रांत घ्यायची. एकात पाणी, दुसऱ्यात रॉकेल ओतून २४ तास ठेवायचे. रॉकेलात माती फुगत नाही. पाण्यातली माती तिच्याहून किती वर आली ते पाहायचे. फरक ५० टक्क्यांच्या वर गेला तर सावध व्हायचे. हे भारतीय मानकात आहे आणि प्रत्येक शासकीय तंत्रनिकेतनात स्थापत्यची मुले ते प्रात्यक्षिक म्हणून करतात, वहीत आकृती काढतात आणि गुण मिळवतात. त्याच गावातल्या घरमालकाला ही सोय असल्याचे माहीत नसते.

२०१५ पासून देशात शेतकऱ्यांना मृदा आरोग्य पत्रिका दिली जाते. नत्र किती, स्फुरद किती, पालाश किती, सामू किती, सगळे तिच्यावर असते. म्हणजे तोच तुकडा शेत असेपर्यंत त्याच्या मातीची तपासणी होते आणि प्लॉट झाला की थांबते. कपाशीला जमीन मानवेल का हे सरकार पाहते; माणसाला मानवेल का, हे ठेकेदाराच्या अंदाजावर सोडलेले आहे. खरे तर लेआउट मंजूर करतानाच विकासकाकडून दर काही प्लॉटमागे एक खड्डा, मुरूम किती खोलीवर लागला याची नोंद आणि फुगवट्याची तपासणी घ्यायला हवी. ती प्लॉट घेणाऱ्याला वाचता येईल अशा मराठीत खरेदीखतासोबत मिळायला हवी. इथली माती आम्हाला माहीत आहे, असे स्थानिक मंडळी सांगतात. पण मुरूम एका प्लॉटमध्ये तीन फुटांवर लागतो आणि त्याच रांगेतल्या चौथ्या प्लॉटमध्ये बारा फुटांवरही लागत नाही, हेही त्यांना माहीत असते.

सर्वांत बिकट अवस्था घरकुलांची. ग्रामीण भागातल्या पंतप्रधान आवास योजनेत सपाटीवरच्या घराला १ लाख २० हजार रुपये आणि किमान २५ चौरस मीटरची अट आहे. डोंगराळ भागासाठी रक्कम १ लाख ३० हजार केली, कारण तिथे बांधकामाला खर्च जास्त येतो, हे मान्य झाले. काळ्या मातीतही खर्च जास्त येतो, तो पायात येतो, आणि पाया फोटोत दिसत नाही. हप्ता जोत्याचा फोटो पाहून सुटतो. मग पैसे पुरवायचे तर खोली कमी करणे हाच मार्ग उरतो. विदर्भ-मराठवाड्यातल्या काळ्या पट्ट्याला डोंगराळ भागासारखे वेगळे धरून पायासाठी जादा रक्कम देणे हे दानधर्म नव्हे. पुढच्या दुरुस्त्यांचा आणि दवाखान्याचा काही भाग त्यात आधीच भरला जातो.

ज्यांची घरे काळीत उभी आहेत त्यांना यातले काही परत करता येणार नाही, पण पाणी सांभाळता येते. जोत्याभोवती तीन-चार फूट रुंद, बाहेर उतार असलेली फरसबंदी करावी. पागोळ्यांचे पाणी पन्हळीने दूर न्यावे, शोषखड्डा भिंतीपासून लांब असावा, नळ आणि मैलापाण्याच्या जोडण्या भिंतीतून बाहेर येतात तिथे थोडी हालचाल सोसणारा लवचीक तुकडा बसवावा. पिण्याची आणि मैल्याची नळी एकाच चरातून नेऊ नये. नळ आल्यावर पहिले पाणी सोडून द्यावे, गढूळ वा वास येणारे असेल तर उकळल्याशिवाय पिऊ नये, आणि घरात गरोदर बाई असेल तर पावसाळाभर उकळलेलेच द्यावे. भेगेवर रंग देण्याआधी तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करून शेजारी तारीख लिहावी, एकदा मेच्या अखेरीस आणि एकदा सप्टेंबरमध्ये. दोन पावसाळे भेग खुणांच्या आत राहिली तर गवंड्याला बोलवावे. खुणा ओलांडून ती पुढे गेली, तर गवंड्याच्या आधी चेंबरचे झाकण उघडून पाहावे.