कथा, पटकथा, संवाद आणि सही

'थ्री इडियट्स' आपल्या होस्टेलवर वर्षातून निदान तीन-चारदा लागतोच. सबमिशन संपलं की एकदा, पी.एल. सुरू झाली की एकदा, आणि कुणाला केटी लागली की तिचं सांत्वन म्हणून आणखी एकदा. डायलॉग सगळ्यांना पाठ. पण पिक्चर संपून नावं वर सरकायला लागली की लॅपटॉप मिटलेला असतो. त्या सरकत्या नावांमध्ये एक नाव आहे चेतन भगत यांचं. ज्या कादंबरीवरून हा चित्रपट निघाला ती 'फाइव्ह पॉइंट समवन' त्यांची, २००४ सालची.

चित्रपट आला २५ डिसेंबर २००९ला. नाव सुरुवातीला न येता शेवटी, तेही भराभर सरकताना आलं, म्हणून भगत चिडले आणि २०१०च्या जानेवारीत पेपरांना महिनाभर पुरेल एवढं भांडण झालं. निर्मात्यांनी काय केलं? त्यांनी सरळ करार पुढे केला. त्यात लिहिलं होतं की श्रेय 'रोलिंग क्रेडिट्स'मध्ये द्यायचं. ते तिथे दिलेलं होतं. पैसेही ठरल्याप्रमाणे, बोनस धरून ११ लाख. चित्रपटानं देशात २०० कोटींचा टप्पा गाठला, असा तो पहिला हिंदी चित्रपट, पण ११ लाखांचे ११ लाखच राहिले.

यात बरोबर कोण, यावर आमच्या मेसमध्ये अजूनही वाद होतात. माझं मत विचाराल तर मनानं मी भगतांच्या बाजूची आहे, पण कागद निर्मात्यांच्या बाजूचा आहे. आणि भगत म्हणजे कोणी भोळेभाबडे कवी नव्हेत! आयआयटी दिल्लीचे मेकॅनिकल इंजिनियर, वर आयआयएम अहमदाबाद, वर बँकेतली नोकरी. त्यांच्या वाट्याला हे येत असेल तर एकांकिका लिहून थेट अंधेरीची वाट धरणाऱ्या आपल्या मंडळींचं काय होणार?

म्हणून हा लेख. आपल्याकडे लिहिणाऱ्याला सगळं शिकवतात. पात्र कसं उभं करायचं, संवादात पॉज कुठे घ्यायचा, सगळं. व्यवहाराचं मात्र कोणी बोलत नाही, कारण सरस्वती आणि लक्ष्मी एका घरात नांदत नाहीत म्हणे. मला तर वाटतं, सिनेमाच्या धंद्यात दोघी छान नांदतात, फक्त घर निर्मात्याचं असतं. पटकथा लिहायला शिकायच्या आधी करार वाचायला शिकलं पाहिजे, हे माझं स्पष्ट मत आहे. वाचणं कठीण वाटत असेल तर आठवा, आपण थर्मोडायनॅमिक्स वाचून पास झालेली माणसं आहोत.

पहिला प्रश्न जो कोणीही विचारतं तो म्हणजे, "माझी आयडिया चोरली तर?" इथे कायद्याचं उत्तर ऐकून वाईट वाटेल. कल्पनेवर कॉपीराइट नसतो. आर. जी. आनंद नावाच्या नाटककारांचं 'हम हिंदुस्तानी' हे नाटक होतं, प्रांतवादावरचं. १९५६ साली 'न्यू दिल्ली' हा चित्रपट आला, त्याच विषयावर. आनंद कोर्टात गेले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं, आणि १९७८ साली निकाल लागला तो त्यांच्या विरुद्ध. कोर्टानं सांगितलं की विषय, कल्पना, कथासूत्र कोणाच्या मालकीचं नसतं. मालकी असते ती ते ज्या पद्धतीनं मांडलं त्याची. आपल्या भाषेत सांगायचं तर जर्नलमधली रीडिंग्ज सगळ्या बॅचची एकच असू शकतात, पण कन्क्लूजन शब्दाला शब्द तेच असेल तर सर पकडतात.

यावरून कळतं की "एक आयडिया आहे सर" असं म्हणत फिरणं म्हणजे उघड्या खिशानं लोकलमध्ये चढणं. जितकं जास्त लिहिलेलं, प्रसंगांसकट, पात्रांसकट, तितकं ते तुमचं. एका ओळीची गोष्ट कोणाचीच नाही.

पण कल्पना सांगणारा अगदीच निराधार असतो असंही नाही. झी टेलिफिल्म्स विरुद्ध संडायल कम्युनिकेशन्स हा मुंबई उच्च न्यायालयाचा २००३चा निकाल आहे. एका छोट्या कंपनीनं वाहिनीला मालिकेची कल्पना विश्वासानं सांगितली होती. वाहिनीनं ती परस्पर वापरली, या तक्रारीवर कोर्टानं वाहिनीला अडवलं. आधार होता गोपनीयतेचा भंग. म्हणजे ऐकणाऱ्याला माहीत असलं पाहिजे की हे खाजगीत, एका कारणासाठी सांगितलं जातंय, आणि सांगणाऱ्याला ते सिद्ध करता आलं पाहिजे. सिद्ध कसं करणार? तर कागदानं. मीटिंग झाली की त्याच संध्याकाळी एक साधी मेल टाकायची. "आज आपण भेटलो, अमुक कथा सांगितली, सोबत सहा पानं जोडली आहेत, ती आपल्या विचारार्थ." दोन मिनिटांचं काम. यात कोणाचा अपमान होत नाही, उलट समोरच्याला कळतं की ही मुलगी फाइल ठेवते.

त्याआधी संहिता नोंदवायची. मुंबईत स्क्रीनरायटर्स असोसिएशन आहे, पूर्वी तिला फिल्म रायटर्स असोसिएशन म्हणत. तिथे सभासद होऊन संहिता ऑनलाइन नोंदवता येते, आणि श्रेयावरून किंवा पैशावरून भांडण झालं तर त्यांची तंटा सोडवणारी समितीही आहे. नोंदणीनं मालकी मिळत नाही, ती लिहिलं त्या क्षणीच मिळते. नोंदणी हा फक्त तारखेचा पुरावा. पण कोर्टात तारीख फार मोठी गोष्ट असते.

आता खरा मुद्दा, करार. माझी रूम-पार्टनर लिहिते, आणि फार चांगलं लिहिते. तिची एकांकिका पाहून मुंबईच्या एका निर्मिती संस्थेनं तिच्याकडून सहा पानांची कथा मागवली. तीन महिने सामसूम, आणि मग एके दिवशी १४ पानांचा इंग्रजी करार आला, सही करून शुक्रवारपर्यंत पाठवा म्हणून. दुसऱ्या दिवशी आमची टेस्ट होती. मी कॉन्व्हेंटची, त्यामुळे इंग्रजी कागद आला की तो आपोआप माझ्या पलंगावर येतो. आम्ही चौघींनी तो रात्री दोनपर्यंत वाचला. (असाइनमेंटला मराठीत 'अभिहस्तांकन' म्हणतात हे मला त्या रात्री डिक्शनरीत कळलं. मराठी मीडियमच्या मुलींनाही तेव्हाच कळलं, म्हणून मला बरं वाटलं.)

त्यात एक वाक्य होतं की सर्व हक्क संपूर्ण विश्वात, अनंत काळासाठी निर्मात्याकडे. विश्वात! मंगळावर थिएटर निघालं तर तिथलेही. आम्ही आधी खूप हसलो. मग पैशाचं कलम वाचलं. दहा टक्के सहीवर, वीस टक्के शेवटच्या ड्राफ्टवर आणि सत्तर टक्के चित्रपट प्रदर्शित झाल्यावर. हक्क मात्र सगळे सहीच्या दिवशीच जाणार. ड्राफ्ट किती लिहायचे ते नव्हतं, 'निर्मात्याचं समाधान होईपर्यंत' एवढंच होतं. आपल्याला सर एकच शीट चार वेळा पुन्हा काढायला लावतात तेव्हा आपण किती बोंबलतो, आणि इथे तर शीटला अंतच नाही. आणि चित्रपट बनलाच नाही तर? सत्तर टक्के बुडाले, गोष्टही गेली.

मग आम्ही १९५७चा कॉपीराइट कायदा उघडला. तो वाटतो तितका रुक्ष नाही, निदान कलम १८ आणि १९ तरी प्रत्येक लिहिणाऱ्यानं वाचावीत. हक्क द्यायचे तर ते लेखी आणि सही केलेलं हवं. कोणते हक्क, किती काळासाठी, कुठल्या प्रदेशासाठी, हे लिहिलेलं हवं. काळ लिहिला नसेल तर पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. आणि आम्हाला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे घेतलेले हक्क निर्मात्यानं वर्षभरात वापरले नाहीत तर ते संपतात. मात्र करारात वेगळं काही लिहिलं नसेल तरच! म्हणजे कायदा लेखकाच्या बाजूनं आहे, पण ती बाजू आपण आपल्याच सहीनं सोडून देऊ शकतो. 'अनंत काळ' तिथे उगाच बसलेला नसतो.

२०१२ साली या कायद्यात दुरुस्ती झाली. जावेद अख्तर तेव्हा राज्यसभेत होते आणि त्यांनी ती लावून धरली. तेव्हापासून चित्रपटातल्या लेखनाचा थिएटरबाहेर जो वापर होतो त्याच्या रॉयल्टीतला वाटा लेखकाला सहीनं सोडून देताच येत नाही. वसूल करणं हा पुढचा डोंगर आहे, पण निदान हक्क कागदावर शिल्लक तरी राहतो.

आणखी एक जागा, जिथे चांगले चांगले फसतात. "आत्ता बजेट कमी आहे, पण नफ्यात टक्केवारी देतो." अमेरिकेत आर्ट बकवाल्ड नावाच्या विनोदी लेखकानं पॅरामाउंट कंपनीवर खटला भरला होता. एडी मर्फीचा 'कमिंग टू अमेरिका' (१९८८) आपल्या कथेवरून घेतला म्हणून. १९९०मध्ये कोर्टानं त्याचं म्हणणं मान्य केलं. करारात त्याला निव्वळ नफ्यात वाटा होता. चित्रपटाचा जगभरचा धंदा २८ कोटी डॉलरच्या वर, तरी कंपनी म्हणाली निव्वळ नफा शून्य! खर्च, व्याज, वितरणाचं कमिशन वजा करता करता काही उरलंच नाही. कोर्टानं तो हिशोबच अन्यायकारक ठरवला, पण त्यासाठी बकवाल्डला हॉलिवूडच्या बड्या कंपनीशी लढावं लागलं. म्हणून माझं म्हणणं, निव्वळ नफ्यातले दहा टक्के आणि हातात पन्नास हजार असा पर्याय असेल तर पन्नास हजार घ्या.

गंमत म्हणजे आपल्या मराठी रंगभूमीवर हा प्रश्न केव्हाच सुटला आहे. व्यावसायिक नाटकाच्या लेखकाला प्रयोगागणिक मानधन मिळतं. हौशी संस्थासुद्धा लेखकाची लेखी परवानगी घेऊन नाटक करतात. मग तोच लेखक सिनेमाकडे गेला की एकरकमी घेऊन गप्प का बसतो?

तुम्ही म्हणाल, बाई, हे सगळं लेख लिहायला ठीक आहे. नवख्या पोरीनं 'कलम बदला' म्हटलं तर ते फोन ठेवतील आणि दुसरीला बोलावतील. हे खरं आहे. आमच्या ओळखीच्या एका वकील काकांनीही हेच सांगितलं. पण ते पुढे असंही म्हणाले, की सगळं मागू नका, तीन गोष्टी मागा. पैसे कमी घ्या, पण श्रेय सोडू नका आणि ते नेमकं कुठे, कसं येणार ते लिहून घ्या. कथा, पटकथा, संवाद ही आपल्याकडे तीन वेगळी श्रेयं असतात, त्यातली कोणती तुमची तेही. दुसरं, बहुतेक पैसे लिहून दिल्यावर मिळावेत, प्रदर्शनावर नकोत, कारण प्रदर्शन लेखकाच्या हातात नसतं. तिसरं, ठरावीक वर्षांत चित्रपट झाला नाही तर गोष्ट परत. यातल्या एकाही गोष्टीनं चांगल्या निर्मात्याचं काही बिघडत नाही. जो एवढ्यावरून फोन ठेवतो त्यानं पुढे चेकसाठी किती फिरवलं असतं, याचा विचार करा.

श्रेयाचं महत्त्व कोणाला कळलं असेल तर सलीम-जावेद यांना. १९७३च्या 'जंजीर'च्या पोस्टरवर लेखकांचं नाव नव्हतं. तेव्हा त्यांनी एक पेंटर धरला आणि मुंबईभरच्या पोस्टरांवर रातोरात आपली नावं रंगवून घेतली. पेंटरनं ती कुठे नटाच्या नाकावर, कुठे हातावर मारली, असं जावेद अख्तर स्वतः सांगतात. ही गोष्ट सगळे जण कौतुकानं सांगतात. मला त्यात कौतुकापेक्षा राग जास्त येतो. लेखकाला स्वतःच्या नावासाठी शिडी आणि रंगाचा डबा का लागावा?

एकेकट्यानं हे होत नाही हेही खरं. २०२३ साली अमेरिकेतले पटकथालेखक १४८ दिवस संपावर गेले आणि किमान मोबदला वाढवून घेतला. संगणकानं, म्हणजे एआयनं, लिहिलेल्या मजकुराला लेखक म्हणून श्रेय देता येणार नाही हेही मान्य करून घेतलं. ती सॉफ्टवेअरं आपणच बनवणार आहोत, तेव्हा कॉम्प्युटरवाल्यांनी हे जरा लक्षात ठेवावं.

असो. माझ्या रूम-पार्टनरनं त्या तीन गोष्टी लाल शाईत लिहून करार परत पाठवला. शुक्रवार केव्हाच उलटून गेला. आज एकोणिसावा दिवस आहे, उत्तर नाही. ती म्हणते जाऊ दे, पण दिवसातून दहा वेळा मेल उघडते.

दरम्यान, आपल्या ड्रामा ग्रुपला एक सुचवायचं आहे. यंदाची एकांकिका पाच जणांनी मिळून लिहिली आहे, आणि ती स्पर्धेत गाजली तर कोणीतरी शॉर्ट फिल्मसाठी मागणार हे नक्की. तेव्हा ती कोणाची? मूळ गोष्ट एकाची, संवाद दोघांचे, शेवट तालमीत सुचलेला. आत्ता पाचही जण एका ताटात जेवतात, तोवरच एक पान लिहून काढा. कोणी काय लिहिलं, बाहेर द्यायची तर कोणाची संमती लागेल, पैसे आले तर कसे वाटायचे. खाली पाच सह्या आणि तारीख. कागद मी देते, स्टेपलर रूम नंबर १७मध्ये आहे.