आतल्यांची विक्री आणि घटती उलाढाल

कंपनीचे प्रवर्तक, संचालक आणि वरिष्ठ अधिकारी, म्हणजे कंपनीच्या आतली मंडळी, यांना आपल्याच कंपनीचे शेअर विकण्याची कायद्याने मुभा आहे. इनसायडर ट्रेडिंग हा गुन्हा वेगळा. भावावर परिणाम करू शकणारी अप्रकाशित माहिती हाताशी असताना केलेला व्यवहार त्या गुन्ह्यात मोडतो. इथे प्रश्न आहे तो रीतसर जाहीर केलेल्या, कायद्याच्या चौकटीतल्या विक्रीचा. कंपनीची उलाढाल काही तिमाह्या सलग घटत असताना ही मंडळी शेअर विकू लागली, तर सामान्य भागधारकाने ती धोक्याची खूण मानावी का? बाजारात सर्रास ऐकू येणारे उत्तर 'नाही' असे आहे. ते अर्धवट आहे, आणि त्याची किंमत लहान भागधारकालाच मोजावी लागते.

विरोधी बाजू दुबळी मात्र नाही. माणूस शेअर विकत घेतो तो बहुधा एकाच कारणासाठी, भाव वाढेल या अपेक्षेने. विकण्याची कारणे अनेक असतात: घर, मुलांचे शिक्षण, कर, घटस्फोट, कर्जफेड. ज्याची जवळपास सगळी मिळकत एकाच कंपनीत अडकली आहे, त्याने थोडे शेअर विकून पैसा इतरत्र गुंतवणे हा शहाणपणाच. या मताला संशोधनाचाही आधार आहे. जोसेफ लाकोनिशॉक आणि इनमू ली यांनी 1975 ते 1995 या काळातले अमेरिकी बाजारातले व्यवहार तपासून 2001 मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधाचा निष्कर्ष असा, की आतल्यांच्या खरेदीवरून पुढच्या भावाचा काही अंदाज येतो, विक्रीवरून जवळजवळ येत नाही.

हा निष्कर्ष सरासरीचा आहे, आणि नेमकी तिथेच त्याची मर्यादा आहे. सगळ्या विक्रीची मोट एकत्र बांधली की घरासाठी विकणारा आणि बुडत्या धंद्यातून अंग काढून घेणारा एकाच रकान्यात जातात. लॉरेन कोहेन, ख्रिस्तोफर मॅलॉय आणि लुकाझ पोमोर्स्की यांनी 2012 मध्ये ही मोट सोडवली. सलग तीन वर्षे एकाच महिन्यात व्यवहार करणाऱ्यांना त्यांनी 'नेहमीचे' म्हणून बाजूला काढले. त्यांच्या व्यवहारांतून पुढच्या भावाबद्दल काहीच कळत नव्हते. उरलेल्यांच्या, म्हणजे वेळ साधून केलेल्या व्यवहारांतून मात्र बरेच काही कळत होते. त्यामुळे आतल्यांची विक्री निरर्थक असते हे विधान टिकत नाही. तिच्यातला बराच भाग निरर्थक असतो एवढेच खरे, आणि तो भाग वेगळा काढता येतो.

दुसरा आक्षेप पूर्वनियोजित विक्रीचा. अमेरिकेत 2000 पासून आगाऊ योजना आखून शेअर विकण्याची सोय आहे आणि तिच्याकडे बोट दाखवून विक्री निर्दोष ठरवली जाते. पण योजना कधी आखली आणि कितीदा बदलली, हे पाहिल्याशिवाय ती ढाल होऊ शकत नाही. कंट्रीवाइड या गृहकर्ज कंपनीचे प्रमुख अँजेलो मोझिलो यांनी 2006 च्या अखेरीस, कर्जांचा दर्जा ढासळत असल्याचे कंपनीत आतून दिसत असताना, अशा योजना आखल्या आणि सुमारे 14 कोटी डॉलरचा लाभ मिळवला. ऑक्टोबर 2010 मध्ये त्यांनी आरोप मान्य न करता 6 कोटी 75 लाख डॉलर भरून नियामकाशी तडजोड केली. योजना आखल्यावर पहिल्या विक्रीपर्यंत सक्तीने थांबण्याचा नियम अमेरिकेत डिसेंबर 2022 मध्ये आला, तो अशाच अनुभवांतून.

तिसरा आक्षेप वरकरणी सर्वांत सयुक्तिक वाटतो. वाईट निकाल ठाऊक असते तर ही मंडळी निकालाच्या तोंडावर विकती. तेव्हा तर ती गप्प असतात. पण गप्प राहणे त्यांना भागच असते. भारतात तिमाही संपल्यापासून निकाल जाहीर झाल्यावर 48 तास उलटेपर्यंत ट्रेडिंग विंडो, म्हणजे आतल्यांना व्यवहाराची मुभा असलेला काळ, बंद असते, आणि निकालाआधी केलेली विक्री न्यायालयात सर्वांत आधी पुढे येते. बिन के, स्टीव्हन हडार्ट आणि कॅथी पेट्रोनी यांच्या 2003 च्या अभ्यासात नफावाढीची मालिका तुटण्याच्या तीन ते नऊ तिमाह्या आधी आतल्यांची विक्री वाढलेली आढळली. शेवटच्या दोन तिमाह्यांत ती फारशी नव्हती. ज्याला धंद्याचा कल कळतो, त्याला आठवडे मोजावे लागत नाहीत. म्हणून निकालाआधीची शांतता हा निर्दोषपणाचा पुरावा ठरत नाही.

या सगळ्यावर लख्ख प्रकाश टाकणारे प्रकरण क्वेस्ट कम्युनिकेशन्सचे. डेन्व्हरच्या या दूरसंचार कंपनीने 2001 साठी 21.3 ते 21.7 अब्ज डॉलर महसुलाचे लक्ष्य जाहीर केले होते. मुख्याधिकारी जोसेफ नाचिओ यांना त्यांच्याच अधिकाऱ्यांनी आतून सावध केले होते. दर महिन्याला ग्राहकांकडून येणारा महसूल पुरेसा वाढत नव्हता आणि फायबर केबलच्या क्षमतेची एकरकमी विक्री करून आकडा भरून काढला जात होता. बाहेर लक्ष्याचा पुनरुच्चार चालू राहिला. एप्रिल आणि मे 2001 मध्ये नाचिओ यांनी सुमारे 5 कोटी 20 लाख डॉलरचे शेअर विकले. पुढच्या उन्हाळ्यात तो शेअर 2 डॉलरच्या खाली गेला.

नाचिओ यांचा बचाव ओळखीचाच होता: मुदत संपत आलेले ऑप्शन, गुंतवणूक विभागण्याची गरज, आणि सरकारी कंत्राटांमुळे वाटणारा विश्वास. ज्युरीने तो सरसकट फेटाळला नाही. 42 आरोपांपैकी 23 मधून त्यांना सोडले; वर्षाच्या सुरुवातीची विक्री दोषास्पद ठरली नाही. एप्रिलअखेरपासूनच्या विक्रीबद्दलच्या 19 आरोपांत मात्र एप्रिल 2007 मध्ये त्यांना दोषी ठरवले, आणि अपिलांनंतरही तो निर्णय कायम राहिला. माणूस तोच, शेअर तोच, कारणेही तीच. मधल्या काळात महसुलाबद्दलचे ज्ञान बदलले होते.

उलाढालीकडे पाहायचे ते याच कारणाने. नफा वाकवता येतो: जाहिरातीचा खर्च कापून, जमीन विकून, तरतूद पुढे ढकलून. गिऱ्हाईक पाठ फिरवत असेल तर ते आधी उलाढालीत उतरते. उलाढालही काही काळ फुगवता येते, पण वितरकांच्या गळ्यात माल मारला की ताळेबंदातली येणे रक्कम वाढते आणि गोष्ट उघडी पडते. गिऱ्हाईक सुटत आहे की नुसते थांबले आहे, हे बाहेरच्याला अंदाजानेच ठरवावे लागते. विक्रीप्रमुखाला आणि प्रवर्तकाला ते ऑर्डरबुक पाहून कळते. अशा वेळी त्यांनी स्वतःच्या पैशाचे काय केले, याला वार्षिक अहवालातल्या आश्वासक परिच्छेदांपेक्षा जास्त वजन दिले पाहिजे.

खुणेच्या मर्यादाही मान्य केल्या पाहिजेत. साखर, पोलाद, खाद्यतेल या धंद्यांत मालाचा भाव उतरला की विकलेले टन तेवढेच राहूनही उलाढाल घटते. एखादा विभाग विकला तरी आकडा खाली येतो. किमान 25 टक्के हिस्सा जनतेकडे असावा या नियमापोटी प्रवर्तकाला विकावेच लागते. उलट, खूण दिसत नाही म्हणून कंपनी ठणठणीत असेही नाही. सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीच्या प्रवर्तकांचा हिस्सा 2001 मध्ये सुमारे एक चतुर्थांश होता, तो 2008 पर्यंत 10 टक्क्यांच्या खाली आला. पण कागदावरची उलाढाल वाढतच होती, कारण ती खोटी होती.

हे अपवाद वगळून जे उरते ते गंभीर असते: प्रत्यक्ष खप घटतो आहे, एकापेक्षा अधिक वरिष्ठ विकत आहेत, विक्री त्यांच्या एकूण हिश्शाच्या मानाने मोठी आहे, आणि तीच मंडळी विश्लेषकांपुढे लवकरच उभारी येईल म्हणून सांगत आहेत. याने गुन्हा सिद्ध होत नाही, पण खुलासा देण्याची जबाबदारी व्यवस्थापनावर येते.

भारतात हे तपासायला लागणारी बरीच माहिती उघड आहे. सेबीच्या 2015 च्या नियमांनुसार एका तिमाहीत 10 लाख रुपयांवरचा व्यवहार झाला की प्रवर्तक, संचालक वा नियुक्त अधिकाऱ्याने दोन ट्रेडिंग दिवसांत कंपनीला कळवायचा आणि कंपनीने आणखी दोन ट्रेडिंग दिवसांत शेअर बाजाराला. भागधारणेचा तक्ता दर तिमाहीला निघतो. त्यात तारण ठेवलेले शेअरही दिसतात. तारणाकडे दुर्लक्ष करू नये, कारण सावकाराने ते शेअर विकले की प्रवर्तकाचा हिस्सा त्याने स्वतः न विकताही घटतो. आगाऊ विक्री योजना इथे शेअर बाजाराला आधीच कळवावी लागते, म्हणून नियोजित विक्री ओळखणे सोपे आहे. तिचा वापर मात्र फार कमी होतो. विक्रीच्या विहित नमुन्यात संख्या, मूल्य, तारीख आणि व्यवहाराचा प्रकार भरायचा असतो. कारणासाठी रकाना नाही. तो सेबीने घालावा. उलाढाल सलग घटत असलेल्या कंपनीत तो भरणे सक्तीचे करावे, आणि विकणाऱ्याच्या एकूण हिश्शापैकी किती टक्के विकले हेही त्याच ओळीत छापावे.