सूड घेणारी नायिका आणि बैठकीत बसलेले आपण

दुसरबीडच्या स्टँडजवळ माझं रिचार्जचं आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. गेल्या दोनेक वर्षांत एक नवंच काम वाढलंय. बाया येतात, मोबाइल पुढे करतात आणि म्हणतात, "भाऊ, याचा पुढचा भाग उघडून दे." गोष्टींचं अ‍ॅप असतं. पहिले काही भाग फुकट, पुढच्याला पैसे. गोष्ट साधारण एकच असते. नवऱ्यानं आणि सासूनं घराबाहेर काढलेली बाई पाच वर्षांनी मोठ्या गाडीतून उतरते. आता ती कंपनीची मालकीण, आणि तोच नवरा त्याच कंपनीत नोकरी मागायला रांगेत उभा.

दुकानात टेकलेली पोरं हसतात. "बायांना काही कामधंदा नाही." मीही हसायचो. आता हसत नाही. काहून, ते सांगतो.

हे खूळ काही आजचं नाही. १९८८ साली 'खून भरी मांग' आला. नवरा रेखाला मगरीच्या तोंडी देतो आणि ती चेहरा बदलून परत येते. मूळ कथा ऑस्ट्रेलियातल्या एका मालिकेची, पण आपल्याकडच्या कोणत्या बाईला ती परकी वाटली नाही. तीनच वर्षांनी 'माहेरची साडी' आला. त्यात सूड नाही, नुसतं सोसणं. थेटरात बाया हुंदके देत बसायच्या. माझ्या आईनं दोन्ही पाहिले आणि दोन्ही तिला सारखेच आवडले. मला तेव्हा हे कोडं वाटायचं. आता वाटतं, एकात जे झालं त्याचं रडणं होतं आणि दुसऱ्यात जे कधी झालं नाही त्याचं सुख.

मग २०१६ ला झी मराठीवर 'माझ्या नवऱ्याची बायको' सुरू झाली. नागपूरची राधिका, नवऱ्याचं बाहेर लफडं, आणि ही मसाल्याचा धंदा काढून त्याच्याहून मोठी होते. शेवटी शेवटी मालिका फारच ताणली, ते सोडा. पण आपल्या विदर्भाच्या बोलीत बोलणारी बाई टीव्हीवर एरवी कामवाली तरी असते नाहीतर हसण्यापुरती. इथं ती नायिका होती. आमच्या गल्लीत संध्याकाळच्या भाकरी त्या वेळेच्या आधीच उरकायच्या.

एका लग्नात आमचे एक काका म्हणाले, असल्या गोष्टींनीच घरं मोडायला लागली. मला हे पटत नाही. रेशनकार्डातलं नाव वेगळं करायला, पोटगीचे कागद झेरॉक्स करायला माझ्याकडे ज्या बाया येतात, त्या गोष्ट ऐकून आलेल्या नसतात. मार खाऊन, वाट पाहून, सगळ्यांच्या पाया पडून झाल्यावर आलेल्या असतात. गोष्टी त्या नंतर ऐकतात.

माझी तक्रार वेगळी आहे. या गोष्टी एका जागी खोटं बोलतात. "पाच वर्षांनंतर" अशी पाटी येते आणि बाई थेट गाडीतून उतरते. ती पाच वर्षं माझ्या दुकानात असतात. रेशनकार्डावर नाव सासरी, आधारचा पत्ता सासरचा, पोरीला शाळेत टाकायचं तर बापाचे कागद मागतात आणि बाप फोन उचलत नाही. पोटगीचं कलम आधी १२५ होतं, १ जुलै २०२४ पासून नव्या कायद्यात १४४ झालं. नंबर बदलला, तारखा त्याच.

खरा सूडही विदर्भानं पाहिलाय. १३ ऑगस्ट २००४ ला नागपूरच्या जिल्हा न्यायालयात, कोर्टाच्या खोलीतच, कस्तुरबानगरातल्या बायांच्या जमावानं अक्कू यादव या गुंडाला ठार केलं. वर्षानुवर्षं वस्तीनं त्याचे अत्याचार सोसले होते आणि तक्रारी करून काही झालं नव्हतं. २०१४ मध्ये आरोपी पुराव्याअभावी सुटले. २०२१ ला त्यावर '२०० हल्ला हो' सिनेमा आला. सिनेमा दोन तासांत संपतो, खटला दहा वर्षं चालला. जमावानं माणूस मारावा असं मी म्हणणार नाही. पण त्यांचं आधी कोणी ऐकलं असतं, तर त्या कोर्टात अशा गेल्या असत्या का?

आपला तालुका तर सिंदखेडराजा. १६२९ साली दौलताबादला निजामशाही दरबारात लखुजीराव जाधव आणि त्यांची मुलं मारली गेली. माहेर असं एका दिवसात उजाड झालेल्या लेकीनं पुढं काय उभं केलं, ते दर १२ जानेवारीला आपण ऐकतो आणि टाळ्या वाजवतो. उभ्या राहिलेल्या बाईसाठी टाळ्या वाजवायला आपण कायम तयार. ती पडत होती तेव्हा आजूबाजूला कोण कोण बसलं होतं, ते कोणत्या भाषणात येत नाही.

हे माझ्या डोक्यात आलं ते २०२४ च्या जुलैत. लाडक्या बहिणीचे फॉर्म भरणं चालू होतं, दुकानासमोर रांग. माझी चुलत वहिनी आली. (तिला विचारून लिहितोय. नाव टाकू नका, बाकी लिहा म्हणाली.) वैवाहिक स्थितीच्या रकान्याशी माझा हात थांबला. तीच म्हणाली, "लिहा ना भाऊजी, परित्यक्ता. साऱ्या गावाला माहीत आहे, फॉर्मलाच काहून लाजता?"

अकरा वर्षांपूर्वी दोन वर्षांच्या पोरीसकट तिला माहेरी घातलं. त्याआधी आमच्या ओसरीवर बैठक झाली. बाई भांडकुदळ आहे, घरात टिकत नाही, असं ठरलं. माझ्या भावाचं शहरात दुसरं बिऱ्हाड आहे, हे त्या ओसरीवर निम्म्या माणसांना माहीत होतं. मी चोवीस वर्षांचा होतो. चहाचे कप फिरवले आणि भिंतीला टेकून बसलो.

आता ती सोयाबीनच्या दिवसात मजुरीला जाते, एरवी ब्लाउज शिवते. मशीनवर बसली की कानात तीच गोष्ट, मालकीण झालेल्या बाईची. परवा पुढचा भाग उघडून घ्यायला आली तेव्हा मी विचारलं, "वहिनी, शेवटी तो नवरा पाया पडतो तेच ऐकायचं असतं ना?"

ती म्हणाली, "त्याचं काय घेऊन बसलात भाऊजी. तो पडला काय, न पडला काय. सगळ्यांसमोर कोणीतरी उठून म्हणतं ना, की हिचं काही चुकलं नव्हतं, आम्हाला माहीत होतं, तो भाग मी दोनदा ऐकते."

वहिनी, मी त्या बैठकीत होतो. मला माहीत होतं. तुझं काही चुकलं नव्हतं.

गावातले ओळखतील कोणाबद्दल आहे ते. ओळखू द्या. भाऊ ही पोस्ट वाचेल, त्याचा फोन येईल, तेही चालेल.

आणि ज्या बायांना रेशनकार्ड वेगळं करायचंय, त्यांनी दुकानावर या. कागद काय लागतात ते बघून देतो. माझे पैसे घेणार नाही.